उरलेली कड

ज्योत्स्नाच्या गळ्यातली गाठ पुन्हा वाढायला लागली तेव्हा तिनं ती आधी ओढणीखाली झाकली, मग उंच गळ्याच्या कुडत्याखाली. शेवटी पोळीचा घास उतरेना, तेव्हा ती मुकाट्यानं डॉक्टरांपुढे जाऊन बसली. काही वर्षांपूर्वी हीच गाठ तिनं सुईनं जाळून घेतली होती. तेव्हा टाका पडला नव्हता की व्रण राहिला नव्हता. दुपारी इस्पितळात होती आणि संध्याकाळी आपल्या उच्चारवर्गात मुलांकडून ‘ण’ घोटून घेत होती.

“गाठ साधीच आहे, कर्करोगाशी तिचा संबंध नाही,” डॉ. मानसी तांबट पडद्यावरचं चित्र फिरवत म्हणाल्या. “पण मागच्या वेळी कड राहिली होती. तीच वाढलीय.”

“कड का ठेवली होती?” कोपऱ्यातल्या खुर्चीवरून शिरीषनं विचारलं. नवरा म्हणून तो सोबत आला होता आणि नवऱ्यानं काहीतरी विचारायला हवं, अशा बेतानं त्यानं विचारलं होतं.

“ठेवावीच लागायची,” डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं.

थायरॉइड ही गळ्याच्या पुढच्या अंगाला, श्वासनळीला बिलगून बसलेली ग्रंथी. तिच्यातल्या गाठीत बारीक सुई घालायची आणि सुईच्या टोकाशी अतिशय वेगानं दिशा बदलणारा विद्युतप्रवाह सोडायचा. त्यासरशी तिथल्या पेशींमधले क्षारांचे कण जागच्या जागी थरथरू लागतात, घर्षणानं ऊन होतात आणि टोकाभोवतीचा वाटाण्याएवढा भाग शिजतो. सुई जराशी मागे घेतली की दुसरा वाटाणा. अशी गाठ आतून शिजवत आणायची. मेलेला भाग पुढं काही महिने शरीरच हळूहळू पचवून टाकतं आणि गाठ आक्रसते. अडचण एकच असते. ग्रंथीच्या मागं, श्वासनळी आणि अन्ननळी यांच्यामधल्या खोबणीतून स्वरयंत्राची नस वर जाते. तिला आच लागली की आवाज बसतो, कधीकधी कायमचा. म्हणून त्या बाजूची कड डॉक्टर न जाळता सोडत.

आता ती सोडावी लागत नव्हती, कारण इस्पितळात नवं यंत्र आलं होतं. त्याचं कंपनीचं नाव लांबलचक होतं. इथले लोक त्याला कानोसा म्हणत. सुई आत असताना रोग्यानं बोलत राहायचं आणि कानोशानं ऐकत राहायचं. नस जळण्याच्या कितीतरी आधी ती उबेनं मंद होते, आणि ती मंद झाली की आवाजात एक केसाएवढा फरक पडतो. माणसाच्या कानाला तो कळत नाही. कानोशाला कळतो आणि तो त्याच क्षणी प्रवाह तोडतो. त्यामुळे सुई नसेला अगदी खेटून जाऊ शकते आणि कडही जाळता येते. फक्त त्या माणसाचा धडधाकट आवाज कानोशाला आधीपासून चांगला ओळखीचा हवा. त्यासाठी नमुना द्यायचा.

ज्योत्स्नानं नमुना दिला. आवाज हाच तिचा धंदा होता. हल्ली नोकरीच्या मुलाखती यंत्रं घेत आणि उच्चार गावंढळ वाटला तर न बोलता गुण कापत. त्यामुळे सहकारनगरातल्या तिच्या वर्गाला जागा पुरत नसे. तिनं दिलेला उतारा वाचला, मग वर्गात बोलते तशी आपल्या कामाबद्दल बोलली. स्वच्छ, किंचित वरच्या पट्टीतला, घासूनपुसून ठेवलेल्या समईसारखा आवाज.

“ऐकत राहावंसं वाटतं, मॅडम,” यंत्र चालवणारा इरफान म्हणाला. मग पडद्याकडे बघून थबकला. “तुम्ही आणखी कुठली भाषा बोलता?”

“हिंदी, इंग्रजी.”

“त्या सगळ्या याच आवाजात येतात. मघाशी सुई दाखवली तेव्हा तुम्ही ‘व माय’ म्हणालात. ते या आलेखात बसत नाहीये. तो आवाज खालून आलाय. जाड आहे, मोकळा आहे. कानोशाला तो ओळखीचा नाही.”

“तसा आवाज मला नाही,” ज्योत्स्ना म्हणाली.

शिरीष आपल्या बुटांकडे बघत राहिला.

डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली. “असेल तर सांगा, म्हणून विचारतेय. बारीक, ताणून लावलेल्या आवाजाला वरच्या एका वेगळ्या नसेचा आधार असतो. खालच्या नसेला थोडं इकडेतिकडे झालं तरी तो निभावून जातो. जाड, सैल आवाजाचं तसं नाही. तो जवळजवळ सगळा याच नसेवर उभा असतो, आणि ती आपल्या कडेला चिकटून जातेय. त्याचा नमुना नसेल तर यंत्राला तो राखता येणार नाही. तुमचा हा वर्गातला आवाज शाबूत राहील. दुसरा कदाचित जाईल.”

“वापरतच नसेल तर?” शिरीषनं विचारलं.

“तर संमती द्या. आणि वापरत असाल तर हे बटण घेऊन जा.” डॉक्टरांनी कॉलरला अडकवायचं एक छोटं बटण टेबलावर ठेवलं. “त्या आवाजात बोललात की हिरवं होईल. मला निदान तासभर तरी बोलणं हवं. पुढच्या आठवड्यात सुई घालू.”

ज्योत्स्नानं बटण उचललं. का उचललं, हे तिला गाडीत बसल्यावरही सांगता आलं नसतं.

ती मूळची वऱ्हाडातल्या दर्यापूरकडची. पुण्याला शिकायला आली, शिरीष भेटला, लग्न झालं. पाटणकरांच्या घरात पहिल्या जेवणाला तिनं ‘पानी’ मागितलं आणि सासूबाई हसून, अगदी मायेनं म्हणाल्या, “पाणी म्हण गं.” तिनं म्हटलं. तेवढ्यावर भागलं असतं, पण ज्योत्स्ना कुठलंही काम अर्धवट सोडणारी नव्हती. तिनं ‘पाणी’ इतकं नीट शिकून घेतलं की पुढं साऱ्या गावाला शिकवू लागली. वऱ्हाडी बोलणारी जोसना कुठं गेली, हे तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही शोध घेतला नाही. आपणच घराबाहेर काढलेल्या माणसाला दवाखान्यात भरती केल्याचा निरोप यावा, तसं आता तिला झालं होतं. उठून जावं असं काही नातं उरलेलं नव्हतं आणि बसवतही नव्हतं.

“सही करून मोकळी हो,” शिरीष रात्रीच्या जेवणाला म्हणाला. “इतकी वर्षं लागला नाही, आता कशाला लागेल?”

“तू म्हणालास ना, मी झोपेत बडबडते?”

“बडबडतेस. भांडतेस कुणाशी तरी. मला कळत नाही.”

“ते कोण असतं मग?”

शिरीषनं भात दोनदा वाढून घेतला, आणि तो भात दोनदा घेणारा माणूस नव्हता.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर ज्योत्स्नानं दार लावून घेतलं, बटण अडकवलं आणि आरशासमोर उभी राहिली. “काऊन व बाई, जेवली काय?” ती म्हणाली. बटण पिवळं झालं. तिनं आवाज आणखी जाड केला, हेल काढला, हातवारे केले. पिवळंच. अर्धा तास ती एकटीच बोलत फेऱ्या मारत होती. शब्द एकूण एक आठवत होते, आणि प्रत्येक शब्द गावाकडच्या माणसाची टर उडवणाऱ्या नटासारखा बाहेर पडत होता. शेवटी तिनं इरफानला फोन करून विचारलं, की पिवळ्याचा अर्थ काय.

“नक्कल,” तो म्हणाला. “शब्द तेच असले तरी गळ्याचे स्नायू वेगळे आवळले जातात. कानोशाला ते कळतं.”

ज्योत्स्ना खुर्चीवर बसली आणि लगेच उठली. त्या आठवड्यात ती कुठंच दोन मिनिटं बसली नाही. कपाटं आवरली, आवरलेली पुन्हा काढली. वर्गातल्या एका मुलीनं ‘कोन’ म्हटलं आणि सवयीनं तिचं तोंड उघडलं, पण चूक दाखवायच्या ऐवजी ती म्हणाली, “पुन्हा म्हण.” मुलीनं घाबरून ‘कोण’ म्हटलं. “नाही, मघाचं म्हण.” मुलीला वाटलं, बाई रागावल्यात.

मग तिनं भावाला फोन लावला. पुंडलिक तिच्याहून धाकटा, तिला बाई म्हणायचा. गावात बी-बियाणं नि खतांचं दुकान चालवायचा. फोन उचलता उचलता तो कुणाला तरी म्हणाला, “थांब नं बे, बाईचा फोन हाये.” ज्योत्स्नाला हाच आवाज हवा होता. मग पुंडलिकनं घसा साफ केला.

“नमस्कार, बाई. आपली प्रकृती कशी आहे?”

“पुंड्या, काय करून रायला रे?”

पलीकडे दुकानाचा गल्ला बंद झाल्याचा आवाज आला.

“आपण थट्टा करता का, बाई?”

“थट्टा कायले करू? बोलाव वाटलं म्हून फोन केला.”

बटण पिवळंच होतं. पुंडलिकलाही बहुधा ते न बघताच कळलं असावं. “भाऊजी आहेत का जवळपास?” तो फार जपून म्हणाला. “जरा त्यांना देता का?”

शिरीष फोन घेऊन आतल्या खोलीत गेला. “नाही, नाही, डोकं ठीक आहे,” एवढं तिला ऐकू आलं.

पुंडलिकचा काही त्यावर विश्वास बसला नाही. दुसऱ्याच दिवशी समृद्धी महामार्गावरून चालकाशिवाय आपली आपण धावणाऱ्या बसमध्ये बसून तो पुण्याला आला. खांद्यावर तुरीच्या हिरव्या शेंगांची पिशवी होती. सोफ्याच्या अगदी कडेवर तो पाव्हण्यासारखा टेकला. “प्रवास सुखकर झाला,” तो शिरीषला म्हणाला. शिरीष म्हणाला, “वा.”

“तू माझ्याशी असं का बोलतोस रे?” शेंगा सोलता सोलता ज्योत्स्नानं विचारलं.

“जपावं लागतं, बाई. चूक झाली तर आपण दुरुस्त करता. आमच्याकडची पोरं म्हणतात, आत्याचा फोन म्हणजे तोंडी परीक्षा. कुणी उचलायचा, यावर चिठ्ठ्या टाकतात.”

तो हे हसत, कौतुकानं सांगत होता. ज्योत्स्नाच्या हातातली शेंग फुटून दाणे फरशीवर पसरले.

जेवताना शिरीषनं त्याला सगळं समजावून सांगितलं. सुई, नस, कड, दोन आवाज. पुंडलिकनं दोनतीन नेमके प्रश्न विचारले. कड राहिली तर गाठ पुन्हा येईल का? येईल. मग पुन्हा जाळता येईल का? शिरीष म्हणाला, “खात्री नाही. दरवेळी तिथं कठीण जाळं तयार होतं, नस त्यातच गुरफटून जाते. डॉक्टर म्हणतात, आत्ता कड निघाली तर कायमची सुटका.”

पुंडलिकनं मान हलवली. “मग भाऊजींचं बरोबर आहे, बाई. आपल्याला त्या आवाजाचा काय उपयोग? जाळून टाका.”

ज्योत्स्नानं वाटी ताटात आदळली.

“काऊन रे? तुले कोनं इचारलं? माहा गळा हाये हा. तू कोन आला मोठा जाळून टाका म्हननारा?”

“मी कोन?” पुंडलिकचा घास हातातच राहिला. “आता मी कोन म्हून इचारते? घरी आली का ‘पाणी’ म्हन, ‘पाणी’ म्हन. माह्या पोरीले रडोलं तुनं, भर पंगतीत.”

“रडोलं नाई, शिकोलं तिले. तिचं भलं व्हाव म्हून.”

“आमचं भलं आमाले समजते. अन् तुले काय कमी पडलं व? पुन्यात ऱ्हायतं, मोठी झाली, मंग ठेव नं थो आवाज तुयाच जवळ. माय गेली त तिच्या वरसालेई तू थ्याच आवाजात बोलली. आजूबाजूच्या बाया म्हने, ही कोन सायबीन आली.”

“मले काय हौस होती? आता येतच नाई त काय करू, सांग. आरशापुढं उभी राहून बोलतो मी येड्यावानी. येतच नाई तोंडात.”

“येऊन त रायलं. मंगापासून काय बोलून रायली मंग?”

शिरीष दोन्ही हात वर करून ‘चालू ठेवा’ अशा खुणा करत होता. ज्योत्स्नाच्या कॉलरवर बटण हिरवंगार पेटलं होतं. आधी पुंडलिकचं तिकडे लक्ष गेलं, मग तिचं. दोघंही एकाएकी गप्प झाली.

“थांबलात का? भांडा ना,” शिरीष म्हणाला.

“आता काय बोलणार?” ज्योत्स्ना म्हणाली. स्वच्छ, वरच्या पट्टीत. बटण विझलं.

उरलेल्या दिवसांत खूप प्रयत्न झाले. पुंडलिकनं गावातल्या यच्चयावत भांडणांची उजळणी केली. बटण आहे म्हटल्यावर दोघांचेही गळे आखडायचे. सुईच्या दिवसापर्यंत कानोशाजवळ जमा झालं ते जेवणाच्या ताटावरचं एक भांडण आणि चुकूनमाकून निघालेली काही वाक्यं.

“कमी आहे,” डॉ. तांबट म्हणाल्या. “पण काहीच नसण्यापेक्षा बरं. ज्या आवाजाचा त्याला भरवसा नाही, त्याच्या बाबतीत तो लवकर घाबरतो. बघू कुठवर जाऊ देतो.”

गळा बधिर केला. नस आणि गाठ यांच्यामध्ये साखरेचं गार पाणी सोडलं, म्हणजे आच जरा अडेल. ज्योत्स्नाच्या उशाशी हिरव्या झग्यात पुंडलिक उभा होता. डॉक्टरांसमोर त्यानं ताबडतोब घसा साफ केला.

“बाई, आपण घाबरू नका. डॉक्टर अनुभवी आहेत.”

“असं नको,” डॉक्टर म्हणाल्या. “ज्या आवाजाला धोका आहे तोच मला हवा. भांडा.”

“असं भांडा म्हनल्यावर कसं भांडाव बापा मानसानं?” पुंडलिक हताश होऊन म्हणाला.

ज्योत्स्नाला हसू आलं आणि हसण्याच्या मागून आवाज आला. “तुले दुसरं येते काय? लहानपनी पाटीवर थुकून भांडे.”

“तू पाटी फोडली होती माही.”

“फोडीन नाई त काय करीन? तुनं तिच्यावर माही नक्कल काढली होती, दोन शिंगं लावून.”

सुई आत चालली होती. दुखत नव्हतं. फक्त कानाखाली आणि दाढेत ऊब पसरत होती, आणि पडद्यावर गाठीचा करडा भाग पांढऱ्या बुडबुड्यांनी भरत होता. एक वाटाणा झाला, सुई मागे आली, दुसरा झाला. पाटीवरून बोलणं शाळेवर गेलं, शाळेवरून मायवर. मायवर आल्यावर दोघांचेही आवाज खाली गेले आणि ज्योत्स्ना बोलतच राहिली, कारण थांबली असती तर रडली असती. गाठीचा मधला भाग संपला. सुई मागच्या अंगाला वळली. कानोशानं एक बारीक सूर काढला आणि प्रवाह तुटला.

“थांबला,” इरफान म्हणाला. “नस मंद झाली की नाही, त्याला खात्रीनं सांगता येत नाहीये. नमुना पुरत नाही.”

डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. नसेला लगटून एक बारीकशी करडी कोर उरली होती, द्वितीयेच्या चंद्राएवढी. “एवढीच राहिलीय. मी यंत्राला फक्त वर्गातल्या आवाजावर लावू शकते. तो आवाज राहील आणि कडही संपेल. दुसऱ्याचं मला सांगता येत नाही. ज्योत्स्नाताई, कड ठेवली तर ही गाठ परत येणार, हे लक्षात घ्या. आणि तेव्हा मला ती काढता येईलच, असं नाही. मग गळा उघडावा लागेल. काय करू?”

पुंडलिकनं एकदा आपलं मत दिलं होतं, आता तो पाऊलभर मागं सरकला.

ज्योत्स्ना छताकडे बघत होती. घास अडकण्याचे दिवस, ओढण्या, पुन्हा सुई आणि पुढं कदाचित सुरी, हे सगळं तिला अगदी स्पष्ट दिसत होतं. आणि आपल्या गळ्यात खाली, कुठंतरी फार खोल, अजून ऊब असलेली ती जागा तिला जाणवत होती.

“राहू द्या,” ती म्हणाली. कुठल्या आवाजात म्हणाली, ते सांगायला तिला पडदा बघावा लागला नाही. “आली परत त येईन. तवरोक लय बोलून ठेवतो. मंग देईन तुमाले नमुना, पाह्यजे तेवढा.”

डॉक्टरांनी सुई बाहेर काढली.

घरी आल्यावर ज्योत्स्ना उशांना टेकून बसली. गळ्यावर सुईच्या ठिपक्यावर इवलीशी पट्टी होती. पुंडलिक आत पिशवी भरत होता, संध्याकाळच्या बसनं त्याला परतायचं होतं. शिरीष पलंगाच्या कडेशी येऊन उभा राहिला.

“बाहेर बसलो होतो तिथं ऐकू येत होतं,” तो म्हणाला. “जेवताना ऐकला होता, तरी आवाज ओळखला नाही. इरफान मध्येच बाहेर आला तेव्हा मी विचारलं, आत आणखी कोण बाई आहेत?”

“मग?”

“तो म्हणाला, तुमच्या मिसेसच आहेत.” शिरीष बसला. “तीसेक वर्षं झाली आपल्या लग्नाला. मला वाटायचं, तू शिकून आलीस, सुधारलीस. आपल्या घरात काही मेलंबिलं असेल, असं कधी मनात आलं नाही.” मग जरा थांबून, नव्या वर्गातल्या मुलासारखा बिचकत तो म्हणाला, “माझ्याशी बोल ना तसं.”

ज्योत्स्नानं तोंड उघडलं. तिला खरंच बोलायचं होतं. त्याच्या त्या एका वाक्यासाठी तरी बोलायचं होतं. “शिरीष, तू जेवलास का?” ती म्हणाली, स्वच्छ, सुरेख, समईसारखं. तिनं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच झालं.

“तुझ्याशी येत नाही रे,” ती म्हणाली. “ओढून आणलं तर खोटं होईल.”

शिरीष उठून आत गेला. पुंडलिकनं पिशवी बांधलेली होती, ती शिरीषनं त्याच्या हातातून काढून घेतली आणि कपाटावर ठेवली.

“पुंडलिकराव, आठ दिवस राहा.”

“भाऊजी, दुकान बंद ठेवून आलोय—”

“राहा. तिच्याशी बोला. मला नाही जमणार ते.” पुंडलिकला घेऊन तो ज्योत्स्नाच्या खोलीत परत आला, कोपऱ्यातली खुर्ची उचलून पलंगापासून लांब, दाराशी नेऊन ठेवली आणि तीत बसला. “मी मध्ये बोलणार नाही. नुसता बसतो.”

पुंडलिक बहिणीकडे बघत राहिला. बहीण भावाकडे बघत राहिली. मग पुंडलिक पलंगाच्या कडेवर टेकला आणि जरा तोंड वाकडं करून म्हणाला, “तुया इथली तूर कच्ची शिजते व बाई. कालच्या भाजीत चव नोहोती.”

“मंग तू रांध,” ज्योत्स्ना म्हणाली. “बायकोच्या हातचं खाऊन जीभ गेली तुयी.”

दाराशी बसलेला शिरीष पुढं झुकला आणि ऐकू लागला.